मोटारसायकल उद्योगातील सूक्ष्म मोटारगाड्या

मोटारसायकली किंवा स्कूटर बनविणाऱ्या कारखान्यांनी आपलीच एंजिने, चाके व यंत्रसामग्री वापरून तयार केलेल्या, दोन ते चार माणसे बसतील अशा अतिशय लहान बंदिस्त गाड्या. त्यांच्या एंजिनाचे घनफळ बहुधा ६०० घ. सेंमी. पेक्षा कमी असते आणि चाके तीन वा चार असतात. अशा गाड्यांचा भर मुख्यतः १९५० ते १९६५ या काळात यूरोपात व जपानमध्ये होता. भारतात स्कूटर व तीन चाकी वाहने यांचा मोठा उद्योग महाराष्ट्रात पुण्याजवळ उभा राहिला. पण तेथे तिसऱ्या चाकानंतर चौथे चाक लागण्यास अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला. हे असे का झाले याचे उत्तर तंत्रविद्येत फारसे सापडत नाही. वाहन चालविण्याचा परवाना कोणास मिळतो, कर किती पडतो आणि कोणत्या कारखान्याने काय बनवावे हे कोण ठरवितो, या प्रश्नांत ते सापडते. ज्यांच्या दाराशी ही वाहने पोहोचली, त्या जळगाव व धुळे यांसारख्या जिल्ह्यांतील वाहतुकीच्या दृष्टीनेही हा इतिहास पाहण्याजोगा आहे.

यूरोप : दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनी व इटली या देशांत पोलाद, पेट्रोल आणि पैसा या तिन्हींची टंचाई होती. कामगार व कारकून वर्गाने सायकल सोडून मोटारसायकल घेतली होती, परंतु पावसात व हिमवर्षावात कुटुंबासह तिच्यावरून जाणे शक्य नव्हते. १९५० नंतर मिळकती वाढू लागल्या, तसा हा ग्राहक डोक्यावर छप्पर मागू लागला. मोटारसायकलींचा खप घसरणीस लागलेला कारखानदारांना दिसत होता. ग्राहक हातचा जाऊ द्यावयाचा नसेल, तर त्याच्या ऐपतीतील छपराची गाडी आपणच बनविली पाहिजे, असे त्यांना वाटले.

या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध गाडी इझेट्टा ही होय. मिलानजवळच्या ब्रेसो येथील इझो या कंपनीने ती १९५३ मध्ये पुढे आणली. रेंझो रिव्होल्ता यांची ही कंपनी प्रशीतक (रेफ्रिजरेटर) व स्कूटर बनवीत असे. एर्मेनेजिल्दो प्रेती या विमान-अभियंत्याने केलेल्या अभिकल्पात गाडीचे संपूर्ण तोंड हेच एकमेव दार होते आणि ते उघडले की सुकाणूचक्रही त्याबरोबर बाजूला सरके. इटलीत तिला फारसा ग्राहक मिळाला नाही. म्यूनिकच्या बीएमडब्ल्यू कंपनीने तिचे हक्क घेऊन १९५५ पासून आपल्या मोटारसायकलीचे २४७ घ. सेंमी. चे चतुर्धाव, एका सिलिंडरचे, सु. १२ अश्वशक्तीचे एंजिन तीत बसविले. गाडीचा कमाल वेग ताशी ८५ किमी. होता. १९६२ पर्यंत बीएमडब्ल्यूने अशा सु. १.६१ लाख गाड्या तयार केल्या. त्या वेळी ही कंपनी मोठ्या व महाग मोटारींच्या खर्चाखाली दबली होती आणि १९५९ च्या अखेरीस ती डायम्लर-बेंझ कंपनीच्या ताब्यात जाण्याची वेळ आली होती. भागधारकांनी तो प्रस्ताव हाणून पाडला. इझेट्टाच्या मागोमाग आलेल्या आणि मोटारसायकलीच्या जातीचेच दोन सिलिंडरांचे एंजिन असलेल्या ‘७००’ या गाडीने कंपनीला सावरून धरले. आज जगभर ऐटीचे लक्षण मानल्या जाणाऱ्या या कारखान्याची पडती बाजू एकेकाळी अंड्याच्या आकाराच्या एका गाडीने सांभाळली होती, हे सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही.

जर्मनीत त्या वेळी २५० घ. सेंमी. पर्यंतचे वाहन चालविण्यास परवान्याचा एक सोपा वर्ग होता. तो ज्यांच्याजवळ होता त्यांना मोठी मोटार चालविण्यासाठी नवी परीक्षा द्यावी लागे, लहान गाडी मात्र तशीच चालविता येई. इतक्या गाड्यांचे एंजिन नेमके २५० च्या आतबाहेर का, याचे कारण हे आहे. डिंगोल्फिंग येथील हान्स ग्लास यांचा कारखाना मूळचा पेरणीयंत्रांचा. त्याने १९५१ मध्ये गॉगो नावाची स्कूटर काढली व १९५५ मध्ये गॉगोमोबिल ही चार चाकी, चार आसनी गाडी आणली. तिचे द्विधाव एंजिन दोन सिलिंडरांचे व २४५ घ. सेंमी. चे होते. दिसण्यात ती इतर मोटारींसारखीच, फक्त आकाराने धाकटी होती. बहुधा म्हणूनच ती १९६९ पर्यंत टिकली. न्यूरेंबर्गच्या त्सुंडाप या नामांकित मोटारसायकल कंपनीने १९५७ मध्ये यानुस ही गाडी काढली. पुढे-मागे दोन दारे आणि पाठीला पाठ लावून बसणारे प्रवासी, अशी तिची रचना होती. म्हणून पुढे-मागे दोन मुखे असलेल्या रोमन देवाचे नाव तिला दिले होते. जेमतेम ६,९०२ गाड्या तयार झाल्यावर १९५८ मध्ये ती बंद पडली व कंपनीला न्यूरेंबर्गचा कारखाना विकावा लागला. नेकारझुल्मच्या एनएसयू कंपनीने ५८३ घ. सेंमी. ची प्रिंझ ही अधिक गंभीर मोटार काढली व ती पुढे मोटार-उद्योगातच स्थिरावली. विमाने बनविणाऱ्या हाइंकेल व मेसरश्मिट या कंपन्यांनीही युद्धानंतर विमाने बनविण्यास बंदी असल्याने अशा गाड्या काढल्या.

ब्रिटनमध्ये कायद्याचा परिणाम आणखी स्पष्ट दिसतो. तेथे तीन चाकी गाडीवर कर कमी होता आणि तीत उलटा गिअर नसेल, तर ती मोटारसायकलीच्या परवान्यावर चालविता येई. त्यामुळे ब्रायटन येथे तयार होणाऱ्या बहुसंख्य इझेट्टांना मागे एकच चाक होते. १९५६ च्या सुएझ प्रकरणानंतर पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हा या गाड्यांना तात्पुरती तेजी आली. चेकोस्लोव्हाकियात जावा मोटारसायकलीचे एंजिन बसविलेली वेलोरेक्स ही तीन चाकी गाडी अनेक वर्षे बनत होती. तिची काया नळ्यांच्या सांगाड्यावर ताणलेल्या कृत्रिम चामड्याची असे. जावा मोटारसायकली १९६१ पासून म्हैसूरलाही तयार होऊ लागल्या, पण तेथे ते एंजिन दोन चाकांवरच राहिले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय उदाहरण मात्र व्हेस्पा ४०० हे आहे. व्हेस्पा स्कूटरची निर्माती पियाज्जो कंपनी हिने ३९३ घ. सेंमी. च्या द्विधाव एंजिनाची ही चार चाकी गाडी १९५७ मध्ये काढली. ती इटलीत न बनविता फ्रान्समध्ये फूर्शांबो येथे बनविली जाई. फियाट कंपनीशी उघड सामना नको, हे त्यामागील कारण असल्याचे सांगितले जाते. सु. ३०,००० गाड्या तयार झाल्यावर १९६१ मध्ये तिचे उत्पादन थांबले. १९५७ मध्ये आलेली फियाट ५०० आणि १९५९ मध्ये ब्रिटनमध्ये आलेली मिनी या गाड्यांनी थोड्या अधिक किंमतीत खरी मोटार देऊ केली. त्यांच्यापुढे मोटारसायकलवाल्यांच्या बहुतेक गाड्यांचा टिकाव लागला नाही.

तांत्रिक वैशिष्ट्ये : मोटारसायकलीचे एंजिन समोरून येणाऱ्या वाऱ्याने थंड होते. बंदिस्त गाडीच्या मागच्या भागात ते बसविले की हा वारा मिळत नाही. म्हणून पंखा व पत्र्याची आच्छादने यांची योजना करावी लागते. दुसरी अडचण उलट्या गिअरची. मोटारसायकलीला तो लागत नाही, गाडीला लागतो. मेसरश्मिटच्या केआर २०० या गाडीत ही अडचण मोठ्या युक्तीने सोडविली होती : द्विधाव एंजिन उलट्या दिशेनेही फिरू शकत असल्याने ते बंद करून उलटे सुरू केले जाई आणि मग चारही गिअर मागे जाण्यास उपलब्ध होत. इझेट्टाची मागील दोन चाके एकमेकांपासून अवघ्या अर्ध्या मीटरवर होती. त्यामुळे वळणावर दोन चाकांच्या वेगांतील फरक सांभाळणाऱ्या गिअरमालेची गरज पडली नाही आणि खर्च वाचला. अशा तडजोडींचा दोष असा की, भार वाढला किंवा चढ आला की एंजिनावर ताण येई. शिवाय टक्कर झाल्यास प्रवाशाचे पाय व रस्ता यांमध्ये पातळ पत्र्याखेरीज काही नसे.

जपान : यूरोपातील मोटारसायकल कारखाने या गाड्यांत बुडाले किंवा कसेबसे तरले. जपानमधील कारखाने याच वाटेने जगातील मोठे मोटार-उत्पादक झाले. हामामात्सू येथील सुझुकी कंपनी १९०९ मध्ये मागांचा कारखाना म्हणून सुरू झाली. १९५२ मध्ये तिने सायकलीला लावण्याचे ३६ घ. सेंमी. चे एंजिन काढले आणि १९५५ मध्ये सुझुलाइट ही ३६० घ. सेंमी. वर्गातील, पुढील चाकांना गती देणारी लहान मोटार बाजारात आणली. जपान सरकारने अशा लहान गाड्यांसाठी केई हा वेगळा वर्ग ठरवून कर व नोंदणी यांत सवलती दिल्या होत्या. या वर्गाची घनफळाची मर्यादा १९७६ मध्ये ५५० व १९९० मध्ये ६६० घ. सेंमी. पर्यंत वाढविण्यात आली. यूरोपात सवलत नाहीशी झाली की गाडीही नाहीशी होई; जपानमध्ये सवलत टिकली आणि मर्यादेबरोबर गाडीही वाढत गेली.

तरीही जपानमधील मार्ग निष्कंटक नव्हता. मोटार-उद्योग थोड्या कंपन्यांपुरताच मर्यादित ठेवावा, असा तेथील व्यापार व उद्योग मंत्रालयाचा मानस होता आणि तशा विधेयकाचा मसुदाही तयार झाला होता. मोटारसायकली बनविणाऱ्या होंडा कंपनीचे संस्थापक सोइचिरो होंडा यांनी त्यास कडाडून विरोध केला. कायदा होण्यापूर्वीच आपण मोटार-उत्पादक ठरावे म्हणून कंपनीने १९६३ मध्ये घाईने टी ३६० हा छोटा मालवाहू व त्यापाठोपाठ एस ५०० ही मोटार बाजारात आणली. ते विधेयक पुढे संमत झाले नाही. १९६७ मध्ये आलेल्या एन ३६० या गाडीने होंडाचे मोटार-उद्योगातील स्थान पक्के केले.

भारत व महाराष्ट्र : भारतात मात्र उद्योग (विकास व विनियमन) अधिनियम, १९५१ अन्वये कोणत्या कारखान्याने कोणती वस्तू किती प्रमाणात बनवावी हे सरकारी परवान्याने ठरू लागले. मोटारगाड्यांची निर्मिती मोजक्या कंपन्यांकडे राहिली. बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही १९४५ मध्ये स्थापन झालेली कंपनी १९४८ पासून दोन व तीन चाकी वाहने आयात करून विकत असे. पुण्यात माणसाने ओढावयाच्या रिक्षाऐवजी यांत्रिक रिक्षा आणण्याच्या खटपटीत मूळचे अहमदनगरचे स्वातंत्र्यसैनिक व वकील नवलमल कुंदनमल फिरोदिया यांचा पुढाकार होता. सु. १९५० च्या सुमारास पुण्याच्या रस्त्यांवर ऑटोरिक्षा दिसू लागल्या. १९५९ मध्ये बजाज कंपनीला दोन व तीन चाकी वाहने बनविण्याचा परवाना मिळाला, १९६० मध्ये ती सार्वजनिक मर्यादित कंपनी झाली आणि पियाज्जोच्या सहकार्याने पुण्याजवळ आकुर्डी येथे उत्पादन सुरू झाले. हे सहकार्य १९७१ पर्यंत चालले. ज्या वर्षी पियाज्जोचे चौथे चाक फ्रान्समध्ये गळून पडत होते, त्याच सुमारास तिची दोन व तीन चाके महाराष्ट्रात रुजत होती. आकुर्डीच्या परवान्यात चार चाकी गाडीला जागा नव्हती.

परवान्यात ठरलेल्या क्षमतेपेक्षा स्कूटरही अधिक काढता येत नसत. १९७२ मध्ये आलेल्या चेतक स्कूटरसाठी ग्राहकांना वर्षानुवर्षे थांबावे लागे. नोंदणी केलेला क्रमांक हीच एक मालमत्ता ठरे, आणि लग्नाच्या बोलाचालीत तिचा उल्लेख होई. ज्या कारखान्याला स्कूटरच पुरविता येत नव्हती, त्याला गाडी काढण्याची निकड बाजाराकडूनही जाणवली नाही, असे म्हणावे लागते. यूरोपातील कारखान्यांना नवा मार्ग शोधावयास लावणारी घटती मागणी येथे नव्हतीच.

फिरोदिया यांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी स्थापन केली. हिचे सहकार्य हँबर्गच्या फिडाल उंट झोन या कंपनीशी होते आणि तिच्या वाहनांचे व्यापारी नाव टेम्पो असे होते. जर्मनीत १९२८ नंतर २०० घ. सेंमी. पर्यंतच्या वाहनांना कर व परवाना यांतून मिळालेल्या सवलतीचा फायदा घेऊन ही कंपनी वाढली होती. म्हणजे तिचे मूळही अशाच एका कायद्याच्या कलमात होते. तिच्या हान्झेआट या तीन चाकी मालवाहूचे ४०० घ. सेंमी. वर्गातील द्विधाव एंजिन पुढच्या एकट्या चाकाजवळ असून साखळीने त्याच चाकाला गती देई. पुढे आलेल्या तोंडामुळे राज्याच्या काही भागांत या गाडीला ‘डुक्कर’ हे नाव पडले. एका जर्मन कारखान्याचे नाव ‘टेम्पो’ या रूपाने मराठीत असे काही मुरले की, आज कोणत्याही लहान मालवाहू गाडीस ते लावले जाते. ही कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स या नावाने ओळखली जाते.

कारखान्यांच्या बाहेर, गॅरेजांतून मोटारसायकलीला गाडीचे रूप देण्याचे प्रयोगही झाले. दिल्लीत युद्धकाळातील लष्करी हार्ली-डेव्हिडसन मोटारसायकलींचा पुढील अर्धा भाग घेऊन बनविलेल्या ‘फटफटी’ १९९८ पर्यंत प्रवासी वाहून नेत होत्या. सौराष्ट्रात एन्फील्ड बुलेटच्या पुढच्या भागाला मागे दोन चाकांचा हौदा जोडलेला छकडा प्रचारात आला. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी मीरा नावाची स्वदेशी छोटी मोटार तयार केली होती. ते मोटारसायकल-उत्पादक नव्हते, तरी परवान्याच्या व भांडवलाच्या अडचणींमुळे त्यांचीही गाडी कारखान्यापर्यंत पोहोचली नाही, म्हणून येथे उल्लेख केला आहे.

खान्देश : जळगाव व धुळे हे जिल्हे लहान वाहनांच्या बाबतीत निर्मितीचे नव्हेत, तर वापराचे क्षेत्र होत. धुळे येथे मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते एकमेकांस छेदतात. दुसरा रस्ता पुढे जळगाव व भुसावळवरून जातो, आणि भुसावळ हे रेल्वेचे मोठे प्रस्थानक आहे. लांब पल्ल्याची वाहतूक अशी सुलभ असली, तरी स्थानकापासून पेठेपर्यंत, पांझरेपलीकडच्या देवपुरापासून जुन्या धुळ्यापर्यंत, किंवा यावल, फैजपूर, सावदा व रावेर या केळीच्या पट्ट्यातील गावांपासून तालुक्याच्या ठिकाणापर्यंतची मजल ही येथील खरी गरज होती. टांगा मागे पडल्यावर ती ऑटोरिक्षाने, टेम्पोने आणि नंतरच्या काळात सहा आसनी मिनिडोरने भागविली. पियाज्जो कंपनीने १९९९ मध्ये बारामतीहून ॲपे हे तीन चाकी वाहन आणले आणि खेड्यापाड्यांत ‘ॲपे’ हे सामान्यनामच होऊन गेले. व्हेस्पा स्कूटरपासून १९४८ मध्ये इटलीत जन्मलेले हे वाहन. त्याच्या इटालियन नावाचा अर्थ मधमाशी असा आहे, आणि माणसे दाटीवाटीने भरलेली ॲपे पाहिली की तो पटतो.

या प्रदेशात यूरोपातील बुडबुड्यासारख्या गाड्या चालल्या असत्या काय? उन्हाळ्यात येथे तापमान ४५° से. च्या पलीकडे जाते. तिन्ही बाजूंनी काचा असलेली व वायुवीजन जेमतेम असलेली इझेट्टा अशा उन्हात भट्टी ठरली असती. बाजू उघड्या ठेवलेली, कापडी छपराची ऑटोरिक्षा हवामानाला अधिक मानवली. बजाज कंपनीने १९७७ मध्ये तिचे एंजिन मागे नेले, त्यामुळे चालकाच्या जवळची उष्णता व आवाज कमी झाला. परंतु तीन चाकांचा मूळ दोष कायम राहिला. पुढे एकच चाक असल्याने जोराच्या वळणावर किंवा खड्ड्यात वाहन कलंडण्याचा धोका असतो, आणि क्षमतेच्या दुप्पट प्रवासी बसविले की तो वाढतो. ट्रकांची सतत वर्दळ असणाऱ्या महामार्गावर अशा वाहनाने एका गावाहून दुसऱ्या गावी जाणे हे सोयीपेक्षा नाइलाजाचे होते. चौथ्या चाकाच्या अभावाची किंमत परवाने देणाऱ्यांना नव्हे, तर या प्रवाशांना मोजावी लागली, असा निष्कर्ष काढल्यास वावगे होणार नाही.

या पट्ट्यात लहान चार चाकी मालवाहू आला, तो २००५ मध्ये. टाटा मोटर्सच्या दोन सिलिंडरांच्या डीझेल एंजिनाच्या एस या गाडीला लोकांनी ‘छोटा हत्ती’ हे नाव दिले. केळी, कापूस व भाजीपाला यांच्या वाहतुकीत तिने तीन चाकी टेम्पोची जागा बऱ्याच अंशी घेतली. ती मोटारसायकलवाल्यांनी वर चढून बनविलेली नव्हे, ट्रकवाल्यांनी खाली उतरून बनविलेली होती.

मारुती व क्यूट : मोटारसायकल-उद्योगातून आलेली लहान मोटार भारतात अखेर आली ती जपानमार्गे. संजय गांधी यांच्या मारुती लिमिटेडला १९७० मध्ये इरादापत्र मिळाले, पण गाडी बाजारात न येताच ती कंपनी गुंडाळली गेली. सरकारने स्थापन केलेल्या मारुती उद्योग कंपनीने १९८२ मध्ये सुझुकीशी करार केला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ही गाडी पहिल्या ग्राहकाच्या हाती दिली. सुझुकीच्या ५५० घ. सेंमी. वर्गातील केई गाडीवर ती आधारित होती व तिचे एंजिन ७९६ घ. सेंमी. चे होते. मागांपासून सायकलीच्या एंजिनाकडे व तेथून मोटारीकडे गेलेल्या हामामात्सूच्या कारखान्याची ही संतती. अमळनेर, जळगाव व धुळे येथील कापडगिरण्यांच्या परिसरात असा प्रवास घडला नाही. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले.

परवान्यांची पद्धत १९९१ मध्ये सैल झाल्यावरही बजाज ऑटोने चार चाकी गाडी आणण्यास बराच काळ घेतला. २००८ मध्ये कंपनीने एका छोट्या मोटारीचा नमुना प्रदर्शनात मांडला. रनो व निस्सान या कंपन्यांबरोबर स्वस्त मोटार काढण्याची योजनाही त्याच वर्षी जाहीर झाली, पण ती सिद्धीस गेली नाही. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने आरई ६० हे वाहन दाखविले. ऑटोरिक्षाला पर्याय म्हणून ते मांडले होते. त्याला मोटार म्हणावयाचे की नाही, यावरच वाद झाला. इतर उत्पादकांनी सुरक्षिततेच्या मुद्यावर हरकत घेतली, न्यायालयांत याचिका दाखल झाल्या. ‘क्वाड्रिसायकल’ असा स्वतंत्र वर्ग नियमांत घालण्यात आला, पण आरंभी या वर्गातील वाहन फक्त भाड्याच्या वाहतुकीसाठी वापरता येत होते. खासगी वापरास २०१८ मध्ये मान्यता मिळाली. दरम्यान २०१५ पासून क्यूट या नावाने हे वाहन परदेशी पाठविले जात होते. महाराष्ट्रात त्याची विक्री एप्रिल २०१९ मध्ये सुरू झाली.

छत्रपती संभाजीनगरजवळील (पूर्वीचे औरंगाबाद) वाळूज येथे तयार होणाऱ्या या गाडीत चालकासह चार जणांची सोय आहे. तिचे एक सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे, २१६.६ घ. सेंमी. चे एंजिन मागे बसविलेले असून पेट्रोलवर ते सु. १३ अश्वशक्ती देते. कमाल वेग ताशी ७० किमी. इतका मर्यादित ठेवला आहे. तिची लांबी २.७५ मी. आहे, १९५५ च्या इझेट्टापेक्षा ती सु. अर्धा मीटर लांब आहे, आणि तिचे एंजिन इझेट्टाच्या एंजिनापेक्षा ३० घ. सेंमी. नी लहान आहे.